हौस म्हणून मशीनवर बसलेली मुलगी

“हौस म्हणून बसली मशीनवर.”

अण्णांनी डॉक्टरांना सांगितलं. मी दवाखान्यातल्या टेबलावर बसले होते. डाव्या हाताभोवती आईचा कामावर बांधायचा फडका गुंडाळलेला. तो पार भिजला होता.

“कसली मशीन?” डॉक्टरांनी विचारलं.

“काजू बी फोडायची. आमचा कारखाना आहे ना. ही आमच्या घरचीच मुलगी. गणपतीच्या साफसफाईला आलेली. बघू बघू म्हणाली आणि बसली. या वयात कसं, प्रत्येक गोष्टीला हात लावायचा असतो.”

डॉक्टर हसले. मला म्हणाले, “कॉलेजला ना तू? काजू खायचे असतात, त्यांना बोट खायला घालायचं नसतं.”

मीसुद्धा हसले.

हे लिहिताना आजही माझी मान खाली जाते. माझ्या बोटाचं पुढचं पेर मशीनच्या पात्यांत राहिलं होतं आणि मी हसले. आई दाराशी उभी होती. ती हसली नाही.

खरं काय ते सांगते. बारावीपासून मी अण्णांच्या कारखान्यात जात होते. रविवारी, सुट्टीत, सगळा मे महिना. बाबा मुंबईला एका सोसायटीत वॉचमन. आई कारखान्यात सोलणीला, मी बिया फोडायला. मशीन म्हणजे लोखंडी टेबलावर बसवलेली दोन पाती. डाव्या हाताने बी पात्यांमध्ये धरायची, उजव्या हाताने दांडा ओढायचा, पायाने पेडल दाबायचं. टरफल उघडतं, आतला गर बाहेर. हात आणि पाय एका तालात चालले की काही वाटत नाही. गणपती तोंडावर आले होते, माल मुंबईला जायचा होता, मुकादम मागून ओरडत होता. त्या दिवशी माझा पाय आधी गेला. हात मागे राहिला. एवढंच.

आणि घरचीच मुलगी. अण्णांच्या घरात मी पडवीच्या आत कधी गेले नव्हते. गणपतीआधी आम्हाला घरी बोलावतात हे खरं आहे. आवार झाडायला, पितळी भांडी घासायला. चहा मागच्या दाराला मिळतो. कप आपला आपण विसळायचा आणि न्हाणीच्या खिडकीत उपडा घालायचा. घरातल्यांचे कप तिथे नसतात.

हे सगळं मला टेबलावर बसल्या बसल्या आठवत होतं. तरी मी गप्प राहिले. लोकांना वाटेल भीतीने. भीती होतीच. पण मला त्याहून वाईट गोष्ट सांगायची आहे. अण्णांचं ते वाक्य मला आवडलं होतं.

काजूच्या टरफलात तेल असतं. ते लागलं की हात काळे पडतात, कातडी सोलवटते. राख लावा, खोबरेल लावा, जात नाही. रविवारी काम करून आले की मी विहिरीवर चिऱ्याच्या दगडाने बोटं घासायचे. रक्त यायचं. सोमवारी वर्गात हात बाकाखाली. एकदा शेजारच्या मुलीने विचारलं, “मेंदी उतरतेय का गं?” मी हो म्हटलं. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. मला वाटायचं, कॉलेजात जायचं म्हणजे कामाचा मागमूस अंगावर ठेवायचा नाही. आणि इथे अण्णांनी एका वाक्यात मला कामावरून उठवून पाहुणी केलं होतं. दुसऱ्या आठवड्यात मी वर्गात तेच सांगितलं. ओळखीच्यांचा कारखाना आहे, गंमत म्हणून बसले. मुली म्हणाल्या, बाई गं, कसली ही गंमत. विषय संपला.

बोट मात्र संपेना. टाके निघाले, पण उरलेलं बोट वाकेना. गरम पाण्यात हात बुडवून चेंडू दाबायचा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मी दाबायचे आणि डोळ्यांतून पाणी यायचं. स्वतःची वेणी घालता येईना. आई घालायची, घट्ट. मासळी साफ करताना बांगडा हातातून निसटायचा. आणि जे पेर नव्हतं, तिथे खाज सुटायची. खाजवायला हात न्यायचा, तर खाली काही नाही.

पहिलं बिल अण्णांनी भरलं. मग मुकादम आईला म्हणाला, “झाली ना बरी? आता किती लाड?” आईने मान डोलावली.

आईचा डबा घरी राहिला म्हणून एकदा मी दुपारच्या सुट्टीत कारखान्यावर गेले. बायका मागच्या फणसाखाली जेवत होत्या. सुलभामावशी आमच्या वाडीतली. तिने माझा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला, उलटा-पालटा करून बघितला.

“काय गो बाय, हौस फिटली काय?”

सगळ्या हसल्या. मी ओशाळले. मावशीने मग स्वतःचा अंगठा पुढे केला. नख नव्हतं, टोक चपटं.

“तुला तरी हौस म्हणाले. मला म्हणाले इळीवर कापलंन. माझ्या घरात तवा इळी पण नव्हती गो. सासू आणि मी एका कोयत्यावर संसार करत होतो.”

परत हशा. मग पलीकडची एक म्हणाली, तिचं मनगट भाजलं तेव्हा चुलीवर भाजलं असं सांगितलं होतं. आणखी एक म्हणाली, तिला ओहोळात पडायला लावलं होतं, भर मे महिन्यात, ओहोळात पाण्याचा थेंब नसताना. प्रत्येकीची एक गोष्ट. प्रत्येकीला ती पाठ होती. सरकारी दवाखान्यात, नवऱ्याला, पोरांना, सगळ्यांना त्यांनी तीच सांगितली होती. आता त्यावर हसत होत्या आणि भाकरी खात होत्या.

मला वाटत होतं, माझी गोष्ट निराळी. मी कॉलेजची, म्हणून माझ्यासाठी खास बनवलेली. तसं नव्हतं. अण्णांकडे अशा गोष्टींचा साठा होता. त्यातली एक मला लावून टाकली होती. आणि मी ती वर्गात अंगावर मिरवली होती.

त्या दिवशी घरी येऊन मी मोबाईलवर शोधलं. कामावर असताना इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची असते, असा कायदा आहे हे मला माहीत नव्हतं. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. माहीत नव्हतं. रत्नागिरीला कामगारांच्या कचेरीत गेले तेव्हा दारातून दोनदा परत फिरले. आत एक बाई बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “उपकार नाही मागत तू. हक्क आहे. अर्ज कर.” मी केला. बाबा फोनवर म्हणाले, “अण्णांशी वाकडं घेऊन वाडीत राहायचं कसं?”

त्याच कचेरीत सुनावणीची तारीख लागली. आई माझ्याबरोबर आली. अण्णा मुकादमाला घेऊन आले होते, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात हजेरीचं पुस्तक. त्यात माझं नाव नव्हतं. ते कधीच नव्हतं. सुट्टीत येणाऱ्या मुलींची नावं घालत नाहीत, हे आम्हाला माहीत होतं आणि त्यात आम्हाला काही वावगं वाटलं नव्हतं.

“हात दाखव,” सुनावणी घेणारे साहेब म्हणाले. त्यांना बोट बघायचं होतं.

मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. इतक्या महिन्यांत जुनी कातडी गेली होती. उरलंसुरलं मी घासून काढलं होतं. हात स्वच्छ. गोरेच म्हणा.

अण्णा हळूच म्हणाले, “साहेब, हे हात कामगाराचे वाटतात का तुम्हाला?”

ज्या काळ्या डागांनी माझी बाजू मांडली असती, ते मीच विहिरीवर घासून टाकले होते. मेंदीच्या नावाखाली.

साहेबांनी आईला विचारलं, “तुमची मुलगी कारखान्यात कामाला होती?”

आईने अण्णांकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मग ताठ उभी राहून म्हणाली, “ती शिकतेय, साहेब. कॉलेजात हाय ती.”

आवाजात भीती नव्हती. अभिमान होता. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

अण्णा गोड हसले. “बघा. तेच म्हणतोय मी. हुशार पोर आहे. बाय, तू असं कर, सोमवारपासून ऑफिसात कॉम्प्युटरवर बस. मशीनचं नावच नको. हौसेपायी झालं ते झालं.”

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. माझे कान तापले. आवाज फुटला, तो चिरका.

“मी हौस म्हणून बसले नव्हते. मी कामाला होते. बारावीपासून. आई सोलणीला आणि मी मशीनवर. मी तुमच्या घरची नाही. मी तुमची कामगार आहे.”

अण्णांचं हसू गेलं नाही. फक्त ‘बाय’ गेलं. मुकादमाला म्हणाले, “हिच्या आईचा हिशेब करून टाक.”

साहेबांनी पुढची तारीख दिली. साक्षीदार आण, म्हणाले.

एसटी स्टँडवर आई माझ्यावर तुटून पडली. चारचौघांत. “कामगार? सगळ्यांच्या देखत सांगितलंस कामगार? मग तुला शिकवली कशाला? माझ्यामागे कोणी तो शब्द लावला तर चालतो. तुझ्यामागे नको म्हणून तर मी मरमर मेले.” मी म्हटलं, आये, काम केलं ते केलं ना. ती म्हणाली, “केलंस. सांगायचं नसतं.”

आईचं काम त्या दिवसापासून सुटलं आहे. ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. सुलभामावशीला साक्षीला ये म्हटलं, तर ती म्हणाली, “माझी सून लागलीय गो तिथे. मला नको ओढूस.” मी तिच्यावर रागावले नाही. रागवायचा अधिकार मला नाही. मी स्वतः किती महिने खोटं बोलले आहे.

लाज अजून गेलेली नाही. कॉलेजात आता सगळ्यांना कळलं आहे. काही मुली जास्तच प्रेमाने बोलतात, ते अंगावर येतं. पण लाज कुणाची वाटायला हवी, हे मला आता कळतं. काम केल्याची नाही. ते नाकारताना हसले, त्याची.

फणसाखाली परत जाणार आहे. एक नाही म्हणाली तर दुसरीला विचारणार. सगळ्या नाही म्हणाल्या तर एकटी जाणार. केस हरेनही. साहेब पुन्हा विचारतील, तू तिथे कोण होतीस. मी सांगणार, कामगार. आणि तो शब्द माझ्या नावापुढे लिहून घेतल्याशिवाय त्यांच्यासमोरच्या खुर्चीवरून उठणार नाही.