प्रभामावशीची बरणी

केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेली माझी प्रभामावशी थर्मामीटरवरसुद्धा पटकन विश्वास ठेवत नाही. तिच्या गाझियाबादच्या सोसायटीतले खन्नाजी व्हॉट्सॲपवर भूकंपाच्या तारखा सांगायचे. वर्षभरात बारा सांगितल्या, तीन खऱ्या ठरल्या. लोक त्यांना वाकून नमस्कार करू लागले.

"उत्तरेत कुठे ना कुठे जमीन सारखी हलतेच, त्यात काय मोठं!" मावशी भडकली. तिनेही वर्षाच्या सुरुवातीलाच लोणच्याच्या रिकाम्या बरणीत वर्षभराच्या तारखांच्या चिठ्ठ्या टाकून डोळे मिटून बारा उचलल्या होत्या. त्यांतल्या चार तारखा जुळल्या.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिने बरणी टेबलावर आपटली. "या बरणीच्या चार तारखा जुळल्या! हे नुसतं नशीब आहे, समजलं?" तिने हिंदीत ठणकावलं.

मग खन्नाजीच हात जोडून पुढे आले.

"बहनजी, बरनी की अगली तारीख क्या है?"