उसनी वजाबाकी

जळकोटजवळच्या आमच्या शाळेत एका खोलीचं छत धोकादायक ठरलं आणि तिसरी-चौथी एकाच वर्गात आली. दोन मॅडम, एक फळा. लातूरच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, एकीनं शिकवायचं, दुसरीनं मुलांत फिरायचं, मग आठवड्यानं अदलाबदल. ऐकायला सोपं होतं.

दुसरी मॅडम देगलूरकडून बदलून आलेली, माझ्यापेक्षा बरीच लहान. तेलुगू घरांतल्या पोरांशी ती तेलुगूतच बोलायची. मी फळ्याशी घसा कोरडा करायचे आणि सगळ्या माना तिच्याकडं. मला ते बघवायचं नाही. संध्याकाळी उदगीरच्या बसमध्ये मी तिच्यातली एकेक खोट काढत बसायचे. अक्षर बरं नाही, आवाज फार, साड्या भडक.

माझी म्हणावी अशी एकच गोष्ट होती, वजाबाकी. चिंचोके दहा-दहाच्या पुड्यांत बांधायचे. एककाच्या घरातली पोरगी वाटी घेऊन दशकाच्या घरी उसने मागायला जायची. शेजारीण सुटे द्यायची नाही, अख्खी पुडीच द्यायची. पोरगी घरी येऊन ती फोडायची. हे मी स्वतः शोधलेलं, वर्षानुवर्षं वापरलेलं.

मुलांत फिरायची माझी पाळी आली, तर फळ्याशी ती, हातात माझीच वाटी! वर तिची भर म्हणजे, शेजारीण दार उघडण्याआधी तेलुगूत विचारायची, "एवरू?" कोण आहे म्हणून. पोरं हसून लोळत होती. माझ्या वाटीला इतकं हसू कधी आलं नव्हतं. मी रांगांमधून फिरत उगाच वह्या सरळ करत राहिले.

पुढं केंद्रप्रमुख तपासणीला आले. तिसरीतल्या एका मुलीनं अवघड वजाबाकी झटक्यात सोडवली. "कोणी शिकवलं गं?" त्यांनी विचारलं. मी पदर सावरला.

"ह्या मॅडमनी," पोरीनं तिच्याकडं बोट केलं.

मी सावरलेला पदर सोडून दिला. तेवढ्यात ती मॅडमच म्हणाली, "न्हाई सर, हे मोठ्या मॅडमचं हाय. मी त्यांचंच बघून करायले."

साहेबांनी मला शाबासकी दिली. मग तिच्याकडं वळून म्हणाले, "असं चारचौघांत सांगायला मन मोठं लागतंय, मॅडम." आणि सगळा वर्ग पुन्हा तिच्याकडंच बघायला लागला.

मला हवं होतं ते मिळालं होतं, तेही तिच्या हातून. त्या संध्याकाळी बसमध्ये मला तिच्यात एकही खोट सापडेना, आणि उदगीर येईपर्यंत त्याचाच राग येत राहिला.