आरक्षणातला मळा

आमच्यात वाटनीची रीत अशी, थोरल्यानं वाटे पाडायचे अन् धाकट्यानं पहिला उचलायचा. म्हंजे थोरल्याला लबाडी करता येत नाय. सासरे गेल्यावर आमच्या मालकांनी दोन वाटे पाडले. एक विहिरीकडचा, काळ्या मातीचा. दुसरा वर सडकेला लागून, सगळा मुरूम. मुरमाला जागा जरा जास्ती दिली, तेवढंच. भाऊबंद बसले व्हते. धाकटा विहीर उचलनार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं व्हतं.

दीर म्हनले, "दादा, मी सातपूरला कंपनीत. मला पगार हाय. मळा तुमी कसता, मी विहीर घेऊन काय करू? मुरूम माझा."

जावेनं बी मान डोलवली. जाऊ माझ्यापेक्षा धाकटी, तरी तिच्या पाया पडावं असं मला झालं.

पुढं काही वर्सं बरी गेली. फ्लावर, कोथिंबीर, दसऱ्याला झेंडू. मालक पहाटं सायकलीला माल बांधून मार्केटला जायचे. द्राक्षाची बाग लावायचं मनात व्हतं. मांडवाला तार किती, अँगल किती, असं जेवताना चालायचं त्यांचं. तेवढ्यात आराखडा आला.

आराखडा म्हंजे शहर पुढं कुठं कुठं वाढनार त्याचा नकाशा. आमचं गाव पालिकेच्या हद्दीत आदीच गेलेलं. मालक ऑफिसात बघून आले. घरांची जागा तेवढी पिवळी. दिराचा मुरूम सगळा पिवळा. आमच्या मळ्यावर मात्र चौकोन मारून आत आकडा लिहिलेला. त्यांनी तिथल्या साहेबाला इचारलं.

"खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे ते, बाबा."

"तिथं तर माझी मेथी हाय."

"असू द्या ना. आम्ही ताब्यात घेईपर्यंत पिकवा की."

"कधी घेनार?"

"फंड आला की."

हरकत घ्यायची मुदत असती म्हने. ती सरून गेली व्हती. पेपरात आलं व्हतं म्हनाला साहेब. आमच्याकडं पेपर यायचा तो किराण्याच्या पुडीचा.

साहेब काही वाईट नव्हता. त्यानं चहा बी पाजला ह्यांना. घरी येऊन हे म्हनले, "जमीन आपलीच हाय. फक्त आपल्याला तिचं काही करता येनार नाय."

तसंच झालं. जमिनीला गिऱ्हाईक येईना, बँक कर्ज देईना. द्राक्षाचं नाव कुनी काढेना. आज लावायची अन् उद्या पालिकेची गाडी आली तर? मग आमी नुसती मेथी-कोथिंबीर करायला लागलो. महिन्यात येती, महिन्यात जाती. आंब्याचं रोप सुदिक लावलं नाय.

वर मुरमात दिरानं प्लॉट पाडले. ज्या जागेत कुळीद उगवत नव्हता तिथं लोक रांगेनं यायला लागले. दिरानं बंगला बांधला. पन मानूस बदलला नाय हो. एक दिवस जावेला घेऊन खाली आले. मी ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत व्हते.

"दादा, एक प्लॉट ठेवलाय. तुमच्या नावावर करतो. पोराला घर होईल."

मालकांनी मान हलवली. "वाटा तू उचलला का मी?"

"मीच. पन ठाऊक व्हतं का कुनाला?"

"मग झालं तर. उचललेला वाटा फिरवायचा नसतो."

जाऊ माझ्याकडं बघत व्हती. म्हनली, "ताई, तुमी तरी सांगा." मी नंतर बोलले मालकांशी, लय बोलले. ते एवढंच म्हनले, "त्यानं मन मोठं केलं तेव्हा मी घेतलं. आता परत त्याच्याकडूनच घेऊ? मग माझं काय राहिलं?" पुढं तो प्लॉट बी गेला.

प्लॉटांवर अन् शेजारच्या रानांत बिल्डिंगी उठल्या. आमच्या तिन्ही बाजूंनी. सकाळचं ऊन मळ्यात उशिरा यायला लागलं. मेथी काढून रान मोकळं झालं की वरची पोरं स्टंप घेऊन खाली यायची. मी हाकललं एकदा, तर एक टिचभर पोरगं म्हनतं, "आजी, हे ग्राउंडच आहे. बिल्डरकाकांनी दाखवलंय, म्हणून तर पप्पांनी जास्त पैसे देऊन इकडचा फ्लॅट घेतला."

मी म्हनलं, "बाबा, मग मला बी घे खेळायला."

हसली पोरं. खरंच त्यांनी मला अंपायर केलं त्या दिवशी. पन घरात येऊन इचार केला. आमच्या जमिनीपायी समद्यांच्या घराचा भाव वाढला. आमचं मळ्यातलं घर तेवढं पत्र्याचं राहिलं.

अन् अडलं ते तिथंच. पोरगा लग्नाचा झाला व्हता. दोन खोल्या, वरून पत्रे, मधी आमी दोघं म्हातारे. एक खोली वाढवायला विटा रचल्या तर पालिकेची गाडी आली. आरक्षणात बांधकाम चालत नाय. विटा आमच्याच हातानं उतरवल्या. गाडीवाल्यानं बी हात लावला, खोटं का बोला.

स्थळं येत नव्हती असं नाय. मध्यस्थ सांगायचा, "शहरातली जमीन हाय, सोनं हाय." पाव्हने खुशीत यायचे, पोहे खायचे. मग त्यांच्यातला एखादा मामा उठून बांधावर जायचा, शेजारच्या वॉचमनशी बोलायचा. परत आला की त्याचं तोंड निराळं.

"जमीन झ्याक हाय," एक मामा म्हनला. "विकता येती का?"

"नाय."

"बांधता येतं?"

"नाय."

"मग पाव्हनं, ही जमीन तुमची हाय का तुमी जमिनीचे?"

पोरगं आतून पानी घेऊन आलं ते तसंच परत गेलं. असं किती वेळा झालं. त्याचे केस मागं हटले, बरोबरीच्यांची पोरं शाळेत जायला लागली. मी पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला की उठून विहिरीवर जायचा.

मग नांदगावचं स्थळ आलं. एकुलती एक पोर, बापाचं भुसारचं दुकान. त्यांची अट एकच. मुलगा तिकडं राहनार, दुकान बघनार.

भावकीतल्या बाया हसल्या. "का गं, पोराची पाठवनी करनार?" मी म्हनलं, "हो, अन् तुमाला करवल्या म्हून नेनार." वरून म्हनलं तसं.

हे दोन दिवस जेवले नाय नीट. शेवटी पोरगंच म्हनलं, "आई, मी जातो. इथं राहून मी काय राखू? नेनार ते नेतीलच."

त्याला थांबवायला माझ्याकडं एक खोली नव्हती.

लग्न नांदगावला झालं. जेवनं उरकली अन् निघायची वेळ आली. एरवी अशा वेळी मुलीकडच्या बाया रडतात अन् वरमाय घाई करती. तिथं नवरी आपल्याच दारात उभी, अन् आमची जीप मोकळी. पोरगं बापाच्या पाया पडलं. ह्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, अन् जाऊन पुढं डायवरशेजारी बसले.

विहीनबाई माझ्याजवळ आली. तिनं माझे दोन्ही हात धरले. "काळजी करू नका. लेकरासारखं सांभाळीन."

हे बोलनं माझं व्हतं. पोरगं जन्मलं तेव्हापासून मी ते कुना तरी पोरीच्या आईला म्हननार व्हते.

मी म्हनलं, "त्याला तिखट सोसत नाय. अन् राग आला तर बोलत नाय, आपनच इचारायचं."

ती हो म्हनली. मी जीपमधी मागं जाऊन बसले.