स्टाफरूममधलं रडणं

"काल वर्गात केलंस तसं करून दाखव," बाई म्हणाल्या. "लाजू नकोस. हात वर करून कर."

स्टाफरूममध्ये पाच शिक्षक बसले होते. टेबलावर चहा आणि खमण. मी दारापाशी उभी. पाचवीत होते. माझा भाऊ मरून सोळा दिवस झाले होते.

भाऊ पलसाण्याला डाइंगमध्ये कामाला होता. कपडा रंगवायच्या मशीनचं झाकण उघडताना उकळतं पाणी अंगावर आलं. तीन दिवस दवाखान्यात तळमळला, चौथ्या दिवशी गेला. अठरा वर्षांचा. रोज सकाळी त्याचा डबा भरून त्याच्या हातात द्यायचं काम माझं होतं.

आम्ही भिल्ल. मूळचे साक्रीकडचे, कामासाठी गुजरातेत आलेले. घरात अहिराणी. आमच्यात माणूस गेलं की बायका शब्दांत रडतात. गळ्यात गळा घालून, मेलेल्याचं नाव घेऊन, त्याच्याशी बोलत. त्याला काय आवडायचं, कुणाशी भांडला होता, काय करायचं राहून गेलं, सगळं त्या रडण्यात येतं. मधेच कोणी गप्प करायचं नसतं. 'उगी राहा' म्हणणारीला पुन्हा कोणी दारात उभं करत नाही. रडून झालं की तोंड धुवायला पाणी द्यायचं. आई तशी रडली, मावशी रडली, त्यांच्यात बसून मीही रडले. मग दिवस झाल्यावर शाळेत गेले.

शाळेत दर शुक्रवारी मौनाचा तास असायचा. डोळे मिटायचे, मन रिकामं करायचं. मी डोळे मिटले तर भाऊ दिसला. मला दुसरं रडणं ठाऊकच नव्हतं. मी आईसारखं मोठ्यानं रडायला लागले. "मना भाऊ रे, तुना डबा आते कोले देऊ रे." तुझा डबा आता कुणाला देऊ. पोरं आधी घाबरली, मग हसली. बाईसुद्धा हसल्या. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये बोलावणं आलं.

मी करून दाखवलं. छडी नव्हती, दमदाटी नव्हती. तरी केलं. हात वर करून, भावाचं नाव घेऊन. एका सरांना हसता हसता ठसका लागला. गुजराती शिकवणारे सर म्हणाले, "फरीथी कर, बेटा." मी परत केलं. बाईंनी खमणाचे दोन तुकडे कागदावर ठेवून दिले. ते मी खाल्ले. चांगले लागले. हे लिहितानासुद्धा कान तापलेत माझे.

त्यानंतर आणखी तीनदा बोलावलं. कोणी पाहुणे आले की बोलावायचे.

पुढं भावासाठी मला कधी रडता आलं नाही. आईजवळ बसले की नाकात खमणाचा वास यायचा. आईला वाटलं, पोरगी दगड आहे. तिला खरं सांगायची हिंमत झाली नाही. ती गेली तेव्हाही मी कोरडीच बसले होते. बायका कुजबुजल्या. त्यांचं चुकलं नाही.

आज मी चौतीस वर्षांची आहे. एका संस्थेत नोकरी करते. आदिवासी मुलांचं मन शाळेत घुसमटू नये, त्यांचं दुःख त्यांच्या रीतीनं सांभाळलं जावं, हे शाळांना शिकवायचं माझं काम. मास्तरांची मास्तरीण म्हणा. शाळा बघायची, शिक्षकांना घेऊन बसायचं, परत परत जायचं, सुधारणा दिसली तर शेवटी प्रमाणपत्रावर सही करायची. या प्रमाणपत्राची शाळांना भारी हौस. देणगी देणाऱ्यांना दाखवायला बरं पडतं.

मागच्या वर्षी यादीत माझीच जुनी शाळा आली. बाई आता मुख्याध्यापिका. संस्थेतल्या साहेबांना सांगून मी शाळा बदलून घेऊ शकले असते. नाही घेतली. साडीला कडक इस्त्री करून गेले.

बाईंनी ओळखलं नाही. "या मॅडम, या," म्हणत स्वतः शांती-कक्ष दाखवायला घेऊन गेल्या. गाद्या, अगरबत्ती, भिंतीवर वारली चित्रं. भिल्लांच्या पोरांनी वारली चित्रांकडं बघून शांत का व्हावं, हे विचारायचं मी तूर्त राहू दिलं. माझं लक्ष दाराकडं गेलं होतं. कडी बाहेरून होती.

"ही कशाला?"

"एक मुलगी आहे, रविता. सहावीत. कामरेजला ऊसतोडीत तिची आई साप चावून गेली. तेव्हापासून वर्गात एकदम ओरडायला लागते. झटकेच येतात म्हणा. मग शांत होईपर्यंत इथं ठेवतो. पण आता पालक तक्रारी करतात. दिवाळीनंतर दाखला देऊन टाकणार आहोत."

रविताला भेटले. मावशीकडं राहते. लिंबायतच्या एका खोलीत सातजण. बापाचा पत्ता नाही. दाखला हातात पडला की ही पोर थेट उसाच्या फडात जाणार, हे सांगायला कोणी ज्योतिषी नको. मी अहिराणीत विचारलं, वर्गात काय होतं गं तुला?

"मी मन्ही मायसंगे बोलस," ती म्हणाली. "त्या दार लाई देतस."

मी आईशी बोलते. त्या दार लावून घेतात.

दुपारी सगळ्या शिक्षकांना घेऊन बसले. विषय काढला, दुःख झालं की तुमच्या वर्गातली आदिवासी मुलं काय करतात? बाई खुलल्या.

"मला तर या लोकांची कला फार आवडते हो. पूर्वी आमच्याकडे एक मुलगी होती. काळी, बारकी. काय रडायची, अगदी गाण्यासारखं. आम्ही मुद्दाम स्टाफरूममध्ये बोलवायचो. खाऊ द्यायचो. नाव नाही आठवत आता."

दोघेतिघे हसले. त्यातले तेव्हा ठसका लागलेले सर मी ओळखले.

हातातल्या मार्करला मी टोपण लावलं. म्हणाले, "ती मी."

"अगोबाई, तू? किती मोठी झालीस गं." एका वाक्यात मॅडमची 'गं' झाले. बाईंनी टाळ्या वाजवल्या. "बघा, आपल्या शाळेची मुलगी."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी आवाज चढवला नाही. भाऊ, डबा, उकळतं पाणी, खमणाचे दोन तुकडे, सगळं ओळीनं सांगितलं. म्हणाले, "ती कला नव्हती बाई. माझा भाऊ मेला होता."

"आम्हाला काय माहीत?"

"मी घरून चिठ्ठी आणली होती. भाऊ वारला म्हणून गैरहजर. तुम्ही ती वाचलीत आणि खाली सही केलीत."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "बरं, चुकलं माझं. माफ कर. पण इतकी वर्षं मनात धरून ठेवायचं असतं का?"

"हो," मी म्हणाले. "धरायचं असतं."

मग काय करायचं ते सांगितलं. रविताचा दाखला निघणार नाही. कडी आजच्या आज निघेल. पुढच्या आठवड्यात रविताची मावशी शाळेत येईल आणि दोघी रडतील. सगळ्या शिक्षकांनी खाली बसून शेवटपर्यंत ऐकायचं. आणि तोंड धुवायला पाणी बाईंनी द्यायचं.

"शाळेत रडारड? ट्रस्टी काय म्हणतील?"

"कडीचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. त्यावर ट्रस्टी काय म्हणतील तेही विचारू."

संध्याकाळी शिपायानं कडी उखडली. मी समोर उभी राहून उखडून घेतली.

मावशी आली तेव्हा वर्गाच्या दारात चपला काढून थांबली. मला विचारलं, "आठे रडू का?" शाळेत रडायची तिला भीती वाटत होती. मी मान हलवली. तिनं रविताला छातीशी धरलं आणि सुरू केलं. पोरीनं उचललं. आईचा कोयता कुठं ठेवलाय, नवा फ्रॉक तिनं बघितलाच नाही, अर्धा तास सगळं आईला सांगत होती. बाई सतरंजीवर बसल्या होत्या. एकदा घड्याळ बघितलं. दुसऱ्यांदा बघायला गेल्या तेव्हा मी त्यांच्याकडं बघत होते. पदर मनगटावर ओढून घेतला त्यांनी. त्यांचे गुडघे दुखत होते, ते दिसत होतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? अजून अर्धा तास चालावं असं वाटत होतं. शेवटी बाई उठल्या आणि रविताच्या ओंजळीत तांब्यानं पाणी ओतलं. नीट ओतता येईना, अर्धं सांडलं.

मी त्याही दिवशी रडले नाही. माझं रडणं या लोकांनी खाल्लं. ते परत येणार नाही.

रविता शाळेत आहे. कधीमधी वर्गात आईशी बोलते. वर्गाच्या बाई पाणी देतात आणि धडा पुढं चालू करतात.

आता साहेब मागे लागलेत. शाळेनं सांगितलेलं सगळं केलंय, प्रमाणपत्र देऊन टाका. बाईंच्या निरोप समारंभात, व्यासपीठावर, त्यांच्या हातात द्यायचा बेत आहे. ते असंही म्हणाले की आपल्या पुस्तिकेतच लिहिलंय, क्षमा केली की मन हलकं होतं. आहे ते पान. मी एकाही शाळेत ते शिकवलेलं नाही. कुणी माझ्या भावाच्या मरणाचा तमाशा करावा आणि मन मात्र मी हलकं करत बसावं, हा हिशेब मला मान्य नाही. यादीत अजून बऱ्याच शाळा आहेत. तिथंही कुणीतरी हसलेलं असेल. मी एकेकाला सतरंजीवर बसवणार आहे.

साहेबांना सांगितलं, दोन भेटी बाकी आहेत. त्यांना खरं कारण कळलंय.

बाई मेअखेर निवृत्त होतात. सही मी जूनमध्ये करीन.