गोखिवऱ्यात घासलेला तित्तर

“कसलं पाखरू, मॅडम?” फोनवरचा माणूस म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी साताऱ्याहून बोरिवलीची एसटी धरली.

पाखरू म्हणजे तित्तर. माझे वडील, आमचे आण्णा, बंदूक दुरुस्तीच्या दुकानात नक्षीकाम करत. लायसनच्या बंदुका यायच्या, खटक्याशेजारच्या पोलादी पट्टीवर आण्णा वेलबुट्टी नाहीतर पाखरं कोरायचे, आणि बंदुका मालकांबरोबर निघून जायच्या. गिऱ्हाइकांना दाखवायला कोरलेली एक सुटी पट्टी तेवढी घरी राहिली, उडत्या तित्तराची. आता आण्णांची नजर पार गेलीय. दिवसातून चारदा ते ती पट्टी मांडीवर घेतात आणि अंगठ्याने एकेक पीस चाचपतात. तिला गंज धरला, म्हणून वाढदिवसाच्या आत निकेलचा मुलामा देऊन आणावी असं माझ्या मनात आलं. आमच्या भांडीवाल्याने वसईतला पत्ता दिला. आण्णांना सांगून मी पट्टी कुरिअर केली. काम झाल्याचा फोन आला तेव्हा सहज विचारलं, पाखरू आता उठून दिसतंय ना? त्यावर हे उत्तर!

बोरिवलीला उतरून हायवेची दुसरी बस घेतली. खाडीच्या पुलावर गाड्या तासभर जागच्या हलेनात. शेजारच्या बाईने सुकेळी (वसईची वाळवलेली केळी) पुढे केली. “खा हो, आमच्या नंदाखाल गावची आहेत. रागाने काय पूल मोकळा होणारे?” माझा राग तिला न सांगता कळला होता. केळी गोड होती. राग काही उतरला नाही.

वसई फाट्यावरून रिक्षाने गोखिवरे. मागे तुंगारेश्वरचा हिरवा डोंगर, पुढे पत्र्याच्या गाळ्यांच्या रांगा आणि घशाला झोंबणारा ॲसिडचा वास. कारखान्यात नळांच्या तोट्या, दारांच्या कड्या, देव्हाऱ्याच्या घंटा तारेला टांगून टाक्यांत बुडवत होते. मालक तिशीतला, हसतमुख. त्याने कागदात गुंडाळलेली पट्टी माझ्या हातात दिली.

मी कागद उलगडला. पट्टीत माझंच तोंड दिसलं. वेल नाही, तित्तर नाही, एक रेघ म्हणून नाही!

“अहो, मेल्यांनो, हे काय केलंत? माझ्या बापाच्या हातचं काम होतं ते!”

मशीन थांबलं. कोपऱ्यात कापडी चाकावर काम करणारे एक म्हातारे उठून आले. पट्टी त्यांनीच घासली होती. सगळे त्यांना जनूकाका म्हणत.

“बाय, आदी पानी घ्या.”

“पाणी नको मला! तुम्हाला तित्तर दिसला नाही?”

“दिसला ना. मना वाईट पन वाटला. पन चिठ्ठीत होता तसा केला. दोन दिस लागले. लोखंड लय कडक.”

“कुठली चिठ्ठी?”

मालकाने खिळ्याला अडकवलेल्या कागदांतून एक काढला. इथली रीतच तशी. आलेल्या वस्तूला गिऱ्हाइकाने पाठवलेली चिठ्ठी बांधायची आणि चिठ्ठीबरहुकूम काम करायचं, कुणी कुणाला विचारायचं नाही. चिठ्ठीवर अक्षर माझं होतं. ‘सर्व खड्डे व ओरखडे घासून काढणे. आरशासारखी चकचकीत करणे.’ नक्षी जपा, हे लिहायचं मला सुचलंच नव्हतं. ते काय सांगायला लागतं?

“टेन्शन नका घेऊ मॅडम, लेझरने सेम टू सेम मारून देतो. फोटो आहे ना?”

मोबाइलमध्ये माझ्या कुंड्यांचे फोटो होते. लग्नाकार्यातल्या जिलब्यांचे होते. पट्टीचा एकही नव्हता. हा प्रश्न मला जेवढा झोंबला, तेवढं ते ॲसिडही झोंबलं नव्हतं. तरी वर तोंड करून मी म्हटलं, “एक फोन करायला काय हात मोडले होते तुमचे?”

“चुकलाच आमचा,” जनूकाका म्हणाले. त्यांनी डबा उघडून तांदळाची भाकरी आणि सुकटीचं (वाळवलेल्या बारीक मासळीचं) कालवण माझ्यापुढे सरकवलं. मी नको म्हटलं, मग सगळं खाल्लं. सकाळपासून पोटात केळ्यांशिवाय काही नव्हतं.

परतीच्या वाटेवर मनातल्या मनात मालकाला, भांडीवाल्याला, त्या चिठ्ठीच्या रीतीला यथेच्छ शिव्या घातल्या. घरी पोचले तर आण्णा वाटच पाहत होते. पट्टी हातात दिली. अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

“आण्णा, त्या मेल्यांनी...” म्हणता म्हणता मी थांबले. “चिठ्ठी मी लिहिली होती. सगळं घासून काढा म्हणून.”

त्यांनी पट्टीवरून सगळा तळवा फिरवला. मग म्हणाले, “घासणाऱ्याचा हात चांगलाय. कुठे उंचसखल नाही. अशी पट्टी मी दुकानात कायम मागायचो, कोरायला. कधी मिळाली नाही.”

मला रडू आवरेना. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “तो तित्तर तुम्ही कुठे पाहिला होता हो?”

“तित्तर कुठला? लावरी होती ती, तित्तराहून लहान. पिलांपासून माणसाला लांब न्यायला उडालेली.”

साताऱ्यापासून गोखिवऱ्यापर्यंत मी जिच्यासाठी तोंड सोडलं, तिचं नावही मला ठाऊक नव्हतं. जन्मात कधी विचारलं नव्हतं.