काठावरचे सकर

दुष्ट माणसांनी माझं डोकं कधी एवढं उठवलं नाही, जेवढं चांगल्या माणसांनी उठवलंय. खरं सांगते.

आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, त्र्यंबकच्या रस्त्यावरून आत वळलं की एक लहानसं धरण आहे. तिथे हरसूलकडचे एक मामा जाळं टाकतात. मासे मी त्यांच्याकडूनच घेते. गेल्या वर्षी त्यांनी मला जाळं दाखवलं, तर माझी मूठ आरपार जाईल एवढी भोकं! "ताई, हा सकर काय जगू देत नाय," म्हणाले. सकर म्हणजे घरातल्या माशांच्या टाकीची काच चाटणारा तो काळा, काटेरी मासा. टाकीत बोटाएवढा, धरणात हातभर. त्याला कुत्रंसुद्धा विचारत नाही, आणि जाळ्यात अडकला की जाळंच फाडतो. "असंच चाललं तर जाळं गुंडाळून निफाडला द्राक्षाच्या छाटणीला जावं लागंल."

आणि तो धरणात आला कुठून? आपल्याच घरांतून! टाकीचा कंटाळा आला, घर बदललं, की मासे पिशवीत घालायचे आणि धरणावर सोडायचे. मारले तर पाप, सोडले तर पुण्य. हात जोडून सोडतात हो! मी स्वतः पत्रा रंगवून लावला, 'घरातले मासे इथे सोडू नका.' एका बाईंनी तो मोठ्यानं वाचला, "अगदी बरोबर" म्हणाल्या, आणि तिथेच पिशवी उलटी केली. "आमचा गरीब आहे हो, कुणाला काही करत नाही." घ्या!

मग मामांनी जाळ्यात येईल तो सकर लांब काठावर फेकायला सुरुवात केली. भारी चिवट जात, पाण्याबाहेर तासन् तास जगते. पण शेवटी मरते. महिना झाला तरी सकर काही कमी होईनात. आम्हा दोघांनाही कळेना, हे काय गौडबंगाल आहे.

एका सकाळी आमचे हे फिरून आले. बूट ओले, चेहरा प्रसन्न.

"आज सहा जीव वाचवले. कोण नालायक मासे काठावर टाकून जातो कुणास ठाऊक! आम्ही फिरायला जाणारे सगळे रोज उचलून पाण्यात सोडतो. काटे टोचतात म्हणून हातमोजेसुद्धा आणलेत."

हातमोजे! तव्यावरची माझी पोळी जळून गेली.

"अहो, वर्षभर मी घसा फोडतेय, ते काय भिंतीला सांगत होते?"

"तू टाकीतल्या माशांबद्दल बोलत होतीस. हे तर धरणातले होते."

मी गॅस बंद केला. तसंच त्यांना स्कूटरवर बसवलं आणि धरणावर नेलं. मामा जाळं शिवत बसले होते. यांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं.

"परवा पाहिलं मी, साहेब," मामा म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?" मी ओरडलेच.

"काय बोलू, ताई? देवाचं नाव घेऊन सोडत होते. म्हणून आज कोयता आणला."

शेजारी एक सकर पडला होता, तोंडाची उघडझाप करत. "द्या, मीच संपवतो," असं म्हणून यांनी कोयता उचलला. वाकले. तसेच राहिले. मग कोयता माझ्यापुढे धरला. मी तावातावानं घेतला, आणि नेमका त्याचा कल्ला हलला. मेला माझा हात काही खाली येईना. फार लाज वाटली.

मामांनी माझ्या हातातून कोयता काढून घेतला आणि एका घावात काम संपवलं. पातं गवताला पुसत म्हणाले, "खायचा नाय तो जीव मारायला मला तरी कुठं बरं वाटतंय? म्हणूनच इतके दिवस नुसता फेकत होतो. पाप माझ्या माथी राहू द्या, ताई. तुम्ही लोक फक्त परत पाण्यात टाकू नका."