पुस्तक परत मागणारा फणीवाला

मी साताऱ्यात कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस. स्वखर्चाने छापलेल्या माझ्या कादंबरीच्या प्रती मी वकील व कारकून मंडळींना विनंतीपत्रासह फुकट वाटल्या. एकानेही ती वाचली नाही. अखेर उरलेला गठ्ठा सांगलीच्या रद्दीवाल्याला देण्यासाठी मी एसटीत बसलो.

स्टँडवर एक फणीवाला गाडीत चढला. तो कोणालाही आग्रह करीत नसे. प्रत्येकाच्या हाती मुकाट्याने एकेक फणी ठेवी आणि गाडी सुटायच्या वेळी परत मागे. तोवर केसांतून फिरवलेली फणी परत देणे अनेकांच्या जिवावर येई.

माझ्या गठ्ठ्याची हकिकत ऐकून तो म्हणाला, "आवं, फुकट दिल्यावर कोण वाचतंय? नुसतं बघाया द्या, आन रंगात आलं की परत मागा."

मला हे कमीपणाचे वाटले. पण त्याने माझ्या होकाराची वाट न पाहता दहा प्रती वाटल्या. परत मागितल्यावर सहाच आल्या. चौघांचे पैसे माझ्या हाती ठेवून, "रद्दीची घाई करू नगा," असे बजावत तो उतरला.

उंब्रज मागे पडल्यावर एक पागोटेवाले गृहस्थ कंडक्टरशी भांडले आणि मग मजकडे वळले. "तुमच्या पुस्तकापायी माजं गाव मागं ऱ्हायलं की वं."

मी हात जोडून त्यांची क्षमा मागितली. जन्मभर लोकांच्या तक्रारी लिहिल्या, परंतु स्वतःविरुद्धची तक्रार इतकी गोड वाटेल, अशी कल्पना नव्हती. ज्याचे आभार मानायचे, तो मात्र तेव्हा साताऱ्यात दुसऱ्या गाडीत फण्या वाटत असणार.